काळ्या रानासाठी कापलेले टायर

सासऱ्यांचा फोन आला तेव्हा माझा एक हात शेळीच्या तोंडात होता. मी गुरांचा डॉक्टर. माण तालुक्यात माझा व्यवसाय, त्यामुळे गुरांपेक्षा शेळ्या-मेंढ्याच जास्त. शेळीच्या मालकाने माझ्या खिशातला मोबाईल काढून माझ्या कानाला लावला आणि स्वतःही कान देऊन उभा राहिला.

"जावईबापू, औंदा जत्रंला आमी मोटारसायकलच्या शर्यती ठेवल्यात," सासरे म्हणाले. "मातीतल्या. ऊस तुटून गेलेल्या रानात गोल रस्ता केलाय. बक्षीस द्यायला तुमी यायचं."

माझ्या सासऱ्यांचं गाव पलूसच्या पुढे, कृष्णाकाठी. जत्रा कमिटीत त्यांचा शब्द चालतो. जावई डॉक्टर आहे, मग तो गुरांचा का असेना, त्याला स्टेजवर बसवावं, फेटा बांधावा, ही त्यांची साधी हौस. मी "येतो" म्हणायला हवं होतं. पण शेळीचा मालक ऐकतोय हे माझ्या लक्षात होतं, आणि कोणी ऐकत असलं की माझी जीभ माझी राहत नाही.

"द्यायला कशाला?" मी म्हणालो. "घ्यायलाच येतो की."

"म्हंजी?"

"म्हणजे मी पळवतो गाडी."

शेळीच्या मालकाने माझ्याकडे असं पाहिलं, की शेळी माझ्याकडे आणण्यात आपण चूक तर केली नाही ना, असं त्याला वाटत असावं.

आता मी असं का बोललो, तर त्याला माझ्यापाशी कारण होतं. इतकी वर्षं मी माणातल्या माळांवरून मोटारसायकल फिरवतोय. डांबर संपलं की माझं काम सुरू होतं. मुरमाच्या उतारावरून, ओढ्याच्या वाळूतून, मागे कुत्री लागलेली असताना मी गाडी चालवतो आणि सहसा पडत नाही. एखाद्या वळणावर मागचं चाक सरकलं, गाडी आडवी होता होता सरळ झाली, की मी मनातल्या मनात स्वतःलाच शाबासकी देतो. हे कौशल्य वाया चाललंय, मेंढरांशिवाय ते कोणी बघत नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

घरी पोचेपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती.

"बाबांचा फोन होता," बायको म्हणाली. "जावयांची तब्येत बरी आहे ना, विचारत होते."

मी तिला नीट समजावलं, की शर्यतीत साध्या गाड्यांसाठी एक वेगळा गट आहे, त्यात खास बनवलेल्या गाड्या नसतात आणि वयाची अट नाही.

"वयाची अट नाही, कारण तुमच्या वयाचं कोणी येईल असं त्यांना वाटलंच नसणार," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. नंतर आतूनच विचारलं, "मग बक्षीस कोण देणार?"

त्याचं उत्तर सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी दिलं. जावई पळणार तर लेक बक्षीस देईल. म्हणजे मी जिंकलो तर बायकोच्या हातून बक्षीस घेणार, आणि हरलो तर ती दुसऱ्याला देताना खाली उभा राहून टाळ्या वाजवणार.

आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. आयुष्यभर त्यांनी सैन्यात ट्रक चालवले, बरेचसे डोंगरात आणि बर्फात. त्यांना शर्यतीचं कळलं आणि त्याच संध्याकाळी ते खुर्ची घेऊन आमच्या अंगणात आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं, पण ते माझे व्यवस्थापक झाले होते.

"डॉक्टर, शर्यत इंजनावर न्हाई जिंकत," ते म्हणाले. "रबरावर जिंकत्यात. टायर कुठलं घालताय?"

"आहे तेच."

"ह्ये?" त्यांनी माझ्या मागच्या चाकाला पायाने ढोसलं. "ह्येच्यापरीस माझ्या डोक्यावर जास्त नक्षी हाय."

सुभेदारांना पूर्ण टक्कल आहे.

तिथून माझं टायरांचं शिक्षण सुरू झालं. मी मोबाईलवर रोज व्हिडिओ बघू लागलो. मातीतल्या शर्यतीला आपण ज्याला बटण टायर म्हणतो ते लागतं, म्हणजे अंगावर रबराची उंच बटणं असलेलं, एवढं मला माहीत होतं. पण त्यातही मऊ जमिनीचं वेगळं आणि कडक जमिनीचं वेगळं हे माहीत नव्हतं. मऊ जमिनीच्या टायरची बटणं उंच आणि लांब-लांब असतात. ती मातीत घुसतात आणि मधल्या मोकळ्या जागेतून माती गळून पडते. कडक जमिनीत घुसायला काही नसतंच, म्हणून तिथली बटणं बुटकी, जवळजवळ, आणि रबर मऊ, जमिनीला चिकटणारं.

म्हणजे कडक जमिनीला मऊ रबर आणि मऊ जमिनीला कडक. हे डोक्यात शिरायला मला बराच वेळ लागला, आणि सुभेदारांना समजावून सांगायला त्याहून जास्त. मी "मऊवालं" म्हणालो की ते विचारायचे, "मऊ टायर का मऊ जमीन?" मी उत्तर द्यायचो, आणि ते ऐकता ऐकता माझाच गोंधळ व्हायचा. एकदा तर आम्ही दोघे अर्धा तास भांडलो आणि शेवटी कळलं की दोघे एकच गोष्ट म्हणत होतो.

शेवटी मी कडक जमिनीचं टायर मागवलं. पुढचं आणि मागचं, दोन्ही. कारण अगदी सरळ होतं. मी रोज ज्या माळावर गाडी चालवतो तो मुरमाचा, पाटीसारखा कडक. जमीन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तोच येतो.

टायर आले तेव्हा मी ते दिवाणखान्यात सोफ्याला टेकवून ठेवले. नव्या रबराचा वास घरभर पसरला. बायकोने दोन दिवस त्यांना वळसा घालून केर काढला. तिसऱ्या दिवशी पाहुणे येणार म्हणून तिने त्यांच्यावर चादर टाकली, आणि पाहुण्यांना वाटलं आम्ही नवीन कपाट घेतलंय.

टायर चढवून आम्ही माळावर गेलो. काय सांगू! गाडी जमिनीला धरून बसली होती. मी वळणं घेतली, धूळ उडवली, एका बाभळीला वळसा घालून परत आलो. सुभेदार कमरेवर हात ठेवून उभे होते.

"जमतंय, डॉक्टर," ते म्हणाले. "लय जमतंय."

मी इतका खूश झालो, की एक जास्तीची चक्कर मारली आणि कोणाच्या तरी मेंढ्या चारी दिशांना पळवल्या. त्या गोळा करायला मग आम्हालाच जावं लागलं.

पुढच्या रविवारी बायको आमच्यासाठी डबा घेऊन माळावर आली. जेवण झाल्यावर ती गाडीपाशी उकिडवी बसली आणि मागच्या टायरच्या दोन बटणांमध्ये तिने बोट घालून पाहिलं. बोट जेमतेम गेलं.

"हे इथं सगळं भरणार," ती म्हणाली.

"काय भरणार?"

"माती. आमच्या रानातली. अहो, लहानपणी आम्ही ओल्या रानातनं शाळेत जायचो तर चपला इतक्या जड व्हायच्या, की बांधावर बसून काटकीनं खरवडायला लागायच्या. काही पोरी तर चपला हातात घेऊनच जायच्या."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुभेदारांकडे पाहिलं.

"शर्यत माझ्या माहेरी आहे ना?" बायको म्हणाली. "का इथं माळावर आहे?"

एवढे व्हिडिओ बघून, एवढी भांडणं करून, शर्यतीची जमीन काळी आहे ही साधी गोष्ट आम्हा दोघांच्या डोक्यात आली नव्हती. मी वर्षातून तीनचारदा त्या गावी जातो. त्या रानातला ऊस खाल्लाय, हुरडा खाल्लाय. ती माती पायाला चिकटलेली घेऊन सासूबाईंच्या सारवलेल्या अंगणात गेलोय आणि बोलणीही खाल्लीत. पण टायर निवडताना मी माझ्याच जमिनीसाठी निवडलं.

वापरलेलं टायर दुकानदार परत घेईना. तेव्हा मला एक व्हिडिओ आठवला. त्यात एक माणूस टायरची काही बटणं मुळापासून कापून टाकत होता, म्हणजे मधे मोकळी जागा होते आणि चिखल अडकत नाही. कामाला त्याने एक खास विजेवर तापणारं पातं वापरलं होतं. ते माझ्याकडे नव्हतं. पण जनावरांची वाढलेली खुरं कापायची पक्कड होती आणि खुरं तासायचा वाकडा चाकूही होता, आणि त्यांवर माझा हात बसलेला होता.

सुभेदारांनी खडूने खुणा केल्या. एक ओळ ठेवायची, एक काढायची. मी टायर मांडीत घेऊन बसलो आणि खुराला लावावी तशी पक्कड लावली. पहिलं बटण छान निघालं. दुसरंही निघालं. पाचव्या-सहाव्याला पक्कड घसरली आणि जे बटण ठेवायचं होतं त्याचा कोपरा उडाला.

"त्याच्या समोरचं बी तेवढंच काढा," सुभेदार म्हणाले. "न्हाईतर गाडी एका अंगाला वढंल."

समोरचं थोडं जास्त निघालं. मग पहिल्या बाजूचं आणखी थोडं काढावं लागलं. न्हाव्याने एक कल्ला लहान केला की दुसरा करतो, मग परत पहिला, तसं आमचं चाललं होतं. तेवढ्यात एक ओळखीचे म्हातारे मेंढपाळ औषध न्यायला आले. मी पाय पसरून, टायर धरून, पक्कड घेऊन बसलेला. ते बराच वेळ बघत राहिले.

"डागदर," शेवटी ते काळजीने म्हणाले, "ह्येला बी खुरकूत झाली व्हय?"

मी त्यांना औषध दिलं आणि पुन्हा कामाला लागलो. मागचं टायर पुरं झालं तेव्हा ते अर्धवट कातरून सोडलेल्या मेंढीसारखं दिसत होतं. पुढच्या टायरला मी फार हात लावू नये, असं सुभेदारांनी आणि बायकोने वेगवेगळं सांगितलं. दोघांचं एकमत होण्याचा तो पहिलाच प्रसंग, म्हणून मी ऐकलं. पुढच्याच्या मधल्या फक्त थोड्या ओळी काढल्या.

टायर रिमवर परत चढवणं हा वेगळा छळ होता. साबणाचं पाणी लावायचं, ट्यूबला पावडर चोळायची, म्हणजे ती आत पिळवटत नाही. पावडर म्हणून बायकोचा सुगंधी डबा संपवला. मग टॉमी, म्हणजे ती लोखंडी पट्टी, घालून टायरची कड आत दाबायची. मी जोर लावला, कड बसली, हवा भरली आणि फुस्स असा आवाज आला. टॉमीखाली ट्यूब सापडली होती. दुसऱ्या ट्यूबचंही तेच झालं. तिसरीला बायको आली, दोन्ही पायांनी टायर दाबून उभी राहिली आणि म्हणाली, "हळू. थोडं-थोडं. मी सांगितल्याशिवाय दाबायचं नाही." ती सांगत गेली, मी दाबत गेलो. टायर बसलं. अंगणभर गुलाबाचा वास सुटला होता.

राहिला हवेचा प्रश्न. मातीत हवा कमी ठेवतात. टायर पसरतं, पकड वाढते. पण फार कमी ठेवली तर जोरात गॅस दिल्यावर रिम फिरते आणि टायर जागेवरच राहतं. दोन्हींच्या मधे ट्यूबचा हवा भरायचा वॉल सापडतो आणि मुळातून तुटतो. त्यासाठी रिमला भोक पाडून आतून एक पकड बसवतात, ती टायर घट्ट धरून ठेवते. व्हिडिओतल्या माणसाने हे तीनदा सांगितलं होतं.

मला रिमला भोक पाडायचा धीर झाला नाही. सोमवारी त्याच चाकावर बसून मला गुरं बघायला जायचं होतं.

"हवा कमीच ठेवा," सुभेदार म्हणाले. "बर्फात आमी बी कमीच ठेवायचो."

"तुमचे ट्रक घसरायचे नाहीत?"

"घसरायचे की," ते शांतपणे म्हणाले. "पण सावकाश."

यावर आणखी विचार करायला हवा होता. मी हवा कमी ठेवली.

जत्रेच्या आदल्या दिवशी आम्ही पिकअपमध्ये गाडी घालून निघालो. पिकअप एरवी शेळ्या बाजाराला नेतं, त्यामुळे गाडीला आणि माझ्या हेल्मेटलाही तो वास लागला. विट्याच्या पुढे गेल्यावर दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला आणि माती काळी झाली. बायको खिडकीतून बघत होती. एकदा ती माझ्याकडे वळून हसली.

सासरवाडीत गाडी उतरवली तेव्हा भावकीतले पाचसहा जण जमले. सासरे वाकून मागचं चाक बघत राहिले.

"जावईबापू, टायर जुनं हाय व्हय?"

"नाही, नवंच आहे. कापलंय."

"का वं?"

"माती धरू नये म्हणून."

त्यांनी एकदा टायरकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"बरं," ते म्हणाले.

सासऱ्याच्या तोंडून येणाऱ्या या एका शब्दाला किती अर्थ असतात हे जावई झाल्याशिवाय कळत नाही.

सकाळी सरावाला रानात गेलो. धूळ उडू नये म्हणून कमिटीने रात्री टँकरने पाणी मारलं होतं आणि ते जरा जास्तच झालं होतं. सगळा रस्ता लोण्यासारखा. गावातली पोरं आपापल्या गाड्या घेऊन आली होती. पहिल्याच वळणावर त्यांच्या टायरांत माती भरली, चाकं गुळगुळीत काळे गोळे झाली आणि गाड्या आडव्या होऊ लागल्या. मी मात्र चाललो होतो. माझ्या कापलेल्या टायरमधून मातीची ढेकळं सुटून मागे उडत होती. मागून येणाऱ्या एका पोराच्या तोंडावर एक बसलं.

"दाजी, टायर कुठलं वं?" सराव संपल्यावर त्यानेच तोंड पुसत विचारलं.

मी त्याला समजावलं. मऊ जमीन, कडक जमीन, बटणांमधलं अंतर. आणखी दोघे आले. मग मी गाडी आडवी करून सगळ्यांनाच दाखवलं. सुभेदार खुर्ची मागवून बसले आणि बर्फातल्या गोष्टी सांगू लागले. त्या तासाभरात मी जितका हुशार होतो तितका आयुष्यात कधी नव्हतो. सासरे लांबून बघत होते, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

माझा गट दुपारी होता. सकाळी पळाला असता तर ही गोष्ट मी फार वेगळी सांगितली असती. पण मधे भाषणं झाली, सत्कार झाले, आणि फेब्रुवारीतलं आमच्या भागातलं ऊन जसं असतं तसं पडलं. चाकांनी चोपून चोपून रस्ता वाळला. वाळलेली काळी माती सारवल्यासारखी गुळगुळीत आणि कडक झाली, अगदी चकचकीत. मी सुरुवातीच्या रेषेवर जाऊन ती बुटाने दाबून बघितली. बूट उमटला नाही. हीच ती कडक जमीन, जिच्यासाठी मी टायर घेतलं होतं. आणि तिच्यासाठी लागणारी निम्मी बटणं आता आमच्या अंगणात उकिरड्यावर पडली होती.

"हवा वाढवू का?" मी सुभेदारांना विचारलं.

"आता काय करू नगा," ते म्हणाले. "देवाचं नाव घ्या."

मी शेतावरचे गमबूट घातले होते, कारण माझ्याकडे दुसरे उंच बूट नव्हते. लाउडस्पीकरवरच्या माणसाने माझी ओळख करून दिली. "आपल्या गावचे जावई! जनावरांचे डॉक्टर! खास माणातनं!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. बायको स्टेजवर होती. फेटा तिला बांधला होता आणि तो तिला शोभत होता.

झेंडा पडला. मी मुद्दाम बाहेरच्या कडेने गेलो, कारण तिथे टँकरमधून गळलेलं पाणी अजून होतं आणि तेवढी एकच पट्टी ओली होती. आतल्या बाजूची पोरं वाळक्या मातीवर चाकं फिरवत राहिली आणि मी ओल्या पट्टीवरून एकाला, दुसऱ्याला, तिसऱ्याला मागे टाकत पुढे आलो. खरंच सांगतो, पहिल्या फेरीत अर्ध्या वाटेवर माझ्या पुढे एकही गाडी नव्हती.

"जावई आघाडीवर!" लाउडस्पीकर ओरडला. "जावई आघाडीवर, मंडळी!"

त्या शब्दांनी माझं डोकं फिरलं. पुढे वळण होतं. तिथे ओली पट्टी संपत होती, हे मी बघितलंही होतं. पण मी गॅस कमी करायच्या ऐवजी दिला. मागचं चाक गुळगुळीत मातीवर सरकलं, मग एकदम पकडलं, आणि रिम टायरच्या आत फिरली. फट् असा आवाज आला. वॉल तुटला आणि हवा गेली. गाडी माझी राहिली नाही. पुढे उसाच्या वाळल्या पाचटाची पोती रचली होती, ती दुभंगली. त्यापलीकडे अजून न तुटलेला उभा ऊस होता, आणि मी त्यात शिरलो.

आत हिरवा अंधार होता. गाडी एका सरीत आडवी झाली आणि मी तिच्या शेजारी बसलो. हाताला खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. पाती अंगावर सळसळत होती. बाहेरून लाउडस्पीकरचा आवाज स्पष्ट येत होता.

"जावई उसात गेले," तो माणूस म्हणाला. थोडा थांबला. "सापडतील."

सगळं रान हसलं. मग मलाही आत बसल्या बसल्या हसू आलं, इतकं की उठता येईना. गाडी काढायला गेलो तर एक गमबूट चिखलात रुतला आणि तिथेच राहिला. मी एका पायात बूट, एका पायात मोजा असा गाडी ढकलत उसातून बाहेर आलो, तेव्हा बाकीच्यांच्या फेऱ्या संपत आल्या होत्या. शर्यत सोडून द्यायची असते हे मला कळत होतं. पण लोक टाळ्या वाजवू लागले, आणि कोणी बघत-ऐकत असलं की माझं काही चालत नाही हे मी आधीच सांगितलंय. बसलेल्या चाकाची गाडी ढकलत मी एक फेरी पुरी केली. सुभेदार शेजारून चालत होते. मदत करायची परवानगी नव्हती, म्हणून ते नुसते "डावा, उजवा" म्हणत होते.

बायकोने बक्षीस दिलं ते ज्याच्या तोंडावर सकाळी ढेकूळ बसलं होतं त्या पोराला. त्याने माईकवर सांगितलं, की दाजींनी टायरचं शिकवलं म्हणून त्याने जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन टायर बदललं आणि वाळल्या रस्त्यावर बारीक नक्षीचं घातलं. मी टाळ्या वाजवल्या. माझं ऐकून जिंकणारा माणूस निघाला, फक्त तो मी नव्हतो.

स्टेजवरून उतरल्यावर बायको माझ्याजवळ आली. माझ्या केसातलं उसाचं पातं काढलं.

"लागलं का?"

"नाही."

"मी वरनं बघत होते," ती म्हणाली. "तुम्ही पुढं होता ना, तेव्हा बाबा खुर्चीवर उभे राहिले होते."

शेवटच्या मोठ्या गाड्यांच्या शर्यतीआधी रस्त्यावर पुन्हा पाणी मारलं. ती झाली, माणसं पांगली, पाळण्यांकडे आणि भेळेकडे गेली. ऊन कललं होतं. सुभेदारांनी आणि मी रानाच्या कडेला बसून चाक खोललं, नवी ट्यूब घातली आणि ह्या वेळी हवा पुरेशी भरली. बायको बांधावर बसली होती, आणि सासरे हातात तपकिरीची डबी घेऊन आमच्यापाशी उभे होते. पांढरंशुभ्र धोतर, जत्रेसाठी घातलेला नवा कडक शर्ट. मला वाटलं आता "बरं" म्हणतील. पण ते चाकाकडेच बघत होते. मी चाक बसवलं, नट आवळले, हात पुसले.

"आता चालू हुईल व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो. आता घरी घेऊन जाता येईल."

त्यांनी मागे-पुढे पाहिलं. रानात आम्ही चौघंच होतो.

"येक चक्कर मारू का?"

बायको म्हणाली, "बाबा!"

"गप गं," ते म्हणाले. "तुझ्या जन्माच्या आधी मी गाडीवर दुधाच्या किटल्या घालून डेअरीला जायचो. ह्याच रानातनं."

त्यांनी धोतराचा सोगा वर खोचला, डबी खिशात टाकली आणि गाडीवर बसले. सुभेदार हवेबद्दल काही सांगायला गेले. त्यांनी ऐकलं नाही. गाडी हळू निघाली. पहिल्या वळणावर ते पाय खाली टेकवत गेले, दुसऱ्याला पाय वर घेतला. ओल्या पट्टीवर मागचं चाक थोडं सरकलं तसे ते सुभेदारांच्या ट्रकांसारखे सावकाश सरकले आणि सरळ झाले. बायकोने माझा खरचटलेला हात घट्ट धरला होता आणि तो दुखत होता, पण मी तो सोडवला नाही. एक चक्कर संपली. ते थांबले नाहीत. आमच्यासमोरून जाताना आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या चक्करीत त्यांनी गॅस दिला, आणि कापलेल्या टायरने आपलं काम केलं. मातीचा एक जाड पट्टा वर उडाला आणि त्यांच्यामागून गेला.

परत आले तेव्हा त्यांचा श्वास वाढला होता आणि मिशा वाऱ्याने वर गेल्या होत्या. उतरून त्यांनी धोतर सोडलं, शर्ट पुढून नीट केला. पुढून तो अगदी स्वच्छ होता.

"मागचं जरा पळतंय," ते मला म्हणाले. "पर मजा येती."

मग लेकीकडे वळले. "तुझ्या आईला सांगू नगंस."

"नाही सांगत," ती म्हणाली. ते ताठ मानेने बांधावरून घराकडे चालू लागले. आम्ही तिघे गाडी ढकलत मागून निघालो. धोतरापासून टोपीपर्यंत त्यांच्या पाठीवर काळ्या मातीचा सरळ, ओला, वीतभर रुंद पट्टा होता. घर जवळ येईपर्यंत आमच्यापैकी एकानेही त्यांना ते सांगितलं नाही.